'पील' म्हणजे बुरूज नव्हे, वाडा

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडमधल्या 'टॉवर हाउस'ला मराठीत बुरूज म्हणावं की मनोरा? आणि तिथल्याच 'पील टॉवर' या तटबंद घराच्या नावातला 'पील' कुठून आला?

बुरूज नको, अजिबात नको. प्रवासवर्णनांत हा शब्द इतका सरसकट येतो की आता कोणाला खटकतही नाही. बुरूज हा तटाचा अवयव, पहाऱ्यासाठी आणि तोफेसाठी बांधलेला. त्यात कोणी संसार थाटत नाही. मनोऱ्याचंही तेच. मुळातला अरबी 'मनारा' म्हणजे दिव्याची जागा. टॉवर हाउस हे राहतं घर आहे: तळाला दगडी कमानछताचं कोठार, वर दिवाणखाना, त्याच्या वर निजायच्या खोल्या, माथ्यावर टेहळणीची वाट आणि भिंतीच्या जाडीतूनच वर चढणारा चक्री जिना. 'उभी गढी' म्हणा, अर्थ नेमका पोचेल.

आता 'पील'. लॅटिन 'पालुस' म्हणजे जमिनीत ठोकलेली मेख. (तिचा धातू 'पक्कं रोवणं, बांधणं' या अर्थाचा, म्हणजे आपल्या 'पाश'चाच सख्खा.) फ्रेंचमार्गे तिचं 'पेल' झालं, म्हणजे मेखांचं कुंपण. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १३०२च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या लिन्लिथगोला असंच लाकूड-मातीचं 'पील' उभारलं. पुढे तोच शब्द कुंपणातल्या जागेला लागला आणि शेवटी त्या जागेतल्या घराला. दगडी घराला पील म्हणणं ही चूकच, असं काही इतिहासकार आग्रहाने सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. शब्दाला चौदाव्या शतकात कोंडून ठेवायचं आणि नंतर बोलणाऱ्या पिढ्यांना चूक ठरवायचं, हा अभ्यास नव्हे.

मराठी माणसाला तर हा प्रवास शिकवावा लागू नये. संस्कृत 'वाट' म्हणजे रस्ता नव्हे, दुसरा 'वाट': कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. त्यातून वाडी, त्यातूनच वाडा. धनगर मेंढ्या कोंडतो तो वाडा आणि पेशवे राहिले तो शनिवारवाडा, शब्द एकच. आधी कुंपण, मग कुंपणातली जागा, मग तिथलं मातब्बर घर. 'पील' पावलागणिक याच वाटेने गेला आहे आणि दोन्हीकडे कारणही एकच आहे: ज्याच्याकडे राखण्याजोगी गुरं, त्याच्याकडे कुंपण.

याला पुरावा कायद्याचा आहे. १५३५च्या स्कॉटिश कायद्याने इंग्लंडलगतच्या सरहद्दीवरच्या शंभर पौंड उत्पन्नाच्या प्रत्येक जमीनदाराला 'बार्मकिन' बांधायला लावलं. बार्मकिन म्हणजे दगडचुन्याच्या भिंतीचं आवार: साठ फुटी चौक, भिंत एक एल जाड, सहा एल उंच. स्कॉटिश एल ३७ इंचांचा, म्हणजे उंची साडेअठरा फूट. रयतेने आणि गुरांनी धाडीच्या वेळी आत यायचं. आणि टॉवर? मालकाला गरज वाटली तर! सक्ती कुंपणाची, टॉवर ऐच्छिक. कमी उत्पन्नवाल्यांनी मात्र जमतील तशी 'पील' बांधावीत, हा शब्द कायद्यातच आहे.

मग डोळ्यांसमोर फक्त टॉवर का येतो? पडझडीमुळे. याच सरहद्दीवरच्या केल्सो गावाजवळचं स्मेलम हे टॉवर हाउस घ्या. प्रिंगल घराण्याने पंधराव्या शतकात बांधलेलं, सुमारे २० मीटर उंच, भिंती दोन मीटरांहून जाड. १५४०च्या दशकात इंग्रजांच्या धाडी झाल्या. १६०३मध्ये दोन्ही देशांना एकच राजा मिळाला आणि अशा घरांची गरजच सरू लागली. १६०६मध्ये तर सरहद्दीवरच्या घरांची लोखंडी 'येट' काढून त्यांचे नांगराचे फाळ करा, असा हुकूम निघाला. (येट म्हणजे जाळीचं दार. जाळीचे चार भाग धरले तर कर्णावरच्या दोन भागांत उभे गज आडव्यांतून आणि उरलेल्या दोघांत आडवे उभ्यांतून ओवलेले, म्हणून एक गज उपसून काढता येत नाही.) १६४५मध्ये स्मेलम स्कॉट घराण्याकडे गेलं. त्यांनी आवारात सोयीचं घर बांधलं, पुढे मुक्काम शेजारच्या सँडीनो शेतावर हलवला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला टॉवर ओस पडला.

अशी घरं ओस पडली की आधी छप्पर जातं, मग तुळया कुजून लाकडी मजले. पाणी भिंतीच्या माथ्यातून आतल्या दगड-चुन्याच्या भरावात मुरतं, चुना धुऊन नेतं, थंडीत गोठून फुगतं आणि दर्शनी दगड पोट काढून सुटतात. वर सिमेंटने दरजा भरल्या तर आतलं पाणी बाहेरच पडत नाही आणि नासाडी वाढते. तरीही कमानछत आणि जाड भिंती टिकून राहतात. एक एल जाडीची आवाराची भिंत मात्र टिकत नाही, कारण ती म्हणजे शेताच्या बांधाला आणि गोठ्याला हाताशी असलेला दगड. ज्या कुंपणाने नाव दिलं तेच आधी गेलं, एकटा टॉवर उरला आणि पाहणाऱ्याने त्याला बुरूज म्हटलं.

बार्मकिनला 'अंगण' लिहिलेलंही आढळतं, तेही नको. आवार चालेल, त्याहून नेमकं 'वाडगं', भाजी वाढायचं नव्हे, गुरं कोंडायचं.