अपग्रेडनंतर फोनमधल्या कॅलेंडरच्या अर्ध्या नोंदी गायब, उरलेल्यांच्या वेळा चुकीच्या. ॲपचा डेटा क्लिअर करू का?

नका करू. निदान आज तरी नकाच.

मी नेमकं तेच केलं होतं. अकाउंटवरच्या नोंदी पाच मिनिटांत परत आल्या. पण वडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीच्या तारखा मी नकळत फोनच्याच कॅलेंडरमध्ये टाकत आले होते, कुठल्याच अकाउंटमध्ये नाही. त्या कायमच्या गेल्या. दवाखान्याच्या जुन्या पावत्या काढून एकेक तारीख पुन्हा लिहावी लागली. म्हणून कळकळीने सांगतेय.

आधी दुसऱ्या एखाद्या संगणकावर ब्राउझर उघडा आणि अकाउंटमध्ये लॉगिन करून कॅलेंडर बघा. गायब नोंदी तिथे दिसल्या, तर काहीही हरवलेलं नाही. अपग्रेडमध्ये सिंक बंद पडतो, ॲपची परवानगी जाते, पासवर्ड पुन्हा मागितला जातो किंवा त्या कॅलेंडरपुढची टिक निघते, एवढंच. तिथेही नसतील तर ट्रॅश बघा; गूगल कॅलेंडरमध्ये डिलीट झालेल्या नोंदी साधारण ३० दिवस तिथे राहतात. ट्रॅशमध्येही नाहीत, म्हणजे त्या बहुधा फक्त फोनमध्येच होत्या, आणि मग क्लिअर डेटाला हात लावायचाच नाही. ॲपमध्ये एक्स्पोर्टची सोय असेल तर आधी आयसीएस फाइल (.ics, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) काढून दुसरीकडे ठेवा.

आता वेळांचं. सगळ्याच नोंदी सारख्याच अंतराने सरकल्या असतील, तर दोष नोंदींचा नाही, टाइम झोनच्या सेटिंगचा आहे. फोनचा आणि ॲपचा, दोन्हीकडचा झोन तपासा. एकेक नोंद हाताने ओढून जागेवर आणू नका. तसं केलंत तर चुकीची वेळ सर्व्हरवर जाते, झोन नीट झाला की ती पुन्हा सरकते, आणि मीटिंगला बोलावलेल्या लोकांना बदलाच्या मेल जाऊ शकतात ते वेगळंच.

सगळ्या नाही, फक्त थोड्या नोंदी सरकल्या असतील तर आयसीएस फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधा मजकूरच असते. प्रत्येक नोंदीत डीटीस्टार्टची (DTSTART, म्हणजे सुरू होण्याच्या वेळेची) एक ओळ असते आणि सगळी गोम तिथेच. शेवटी झेड (Z) असेल तर ती वेळ यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली. ओळीत टीझेडआयडी (TZID, म्हणजे टाइम झोनचं नाव) असेल तर पुढे लिहिलेल्या झोनची. दोन्ही नसेल तर फोन जिथे असेल तिथल्या घड्याळाची. दिवसभराच्या नोंदीत मात्र नुसती आठ आकडी तारीख हवी. काही सॉफ्टवेअर तिथे यूटीसीची मध्यरात्र लिहून ठेवतात. मग भारतीय वेळेत वाढदिवस पहाटे ५:३० ला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत चालतो, म्हणून दोन दिवसांवर पसरलेला दिसतो. तुमचे वाढदिवस असे दिसतायत का?

फक्त परदेशातल्या बैठका तासाभराने सरकल्या असतील, तर नवी वेळच बरोबर असण्याची शक्यता आहे. देश आपले नियम बदलतात (मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतेक भागांतली उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत, बंद केली) आणि असे नवे नियम अनेकदा सिस्टीम अपग्रेडबरोबरच फोनमध्ये येतात. समोरच्याला विचारल्याशिवाय ती नोंद बदलू नका.

एक्स्पोर्ट केलेली फाइल परत घेताना मुख्य कॅलेंडरमध्ये थेट ओतू नका. नवं रिकामं कॅलेंडर बनवून त्यात घ्या. प्रत्येक नोंदीला स्वतःचा यूआयडी (UID, म्हणजे ओळख क्रमांक) असतो, पण तो पाहून दुबार नोंदी टाळण्याचं काम सगळीच ॲप करत नाहीत. वेगळं कॅलेंडर असलं की बिनसलं तर तेवढंच उडवता येतं.

सरकलेल्या एखाद्या नोंदीची डीटीस्टार्टची ओळ जशीच्या तशी इथे टाका (नाव, पत्ता काढून) आणि ती खरं तर किती वाजताची आहे तेही लिहा. मी बघून सांगते.