ट्यूबलाईट

"मॅडम, कोडी सुटत नाहीत म्हणजे माझं डोकं कमी आहे का?" असं विचारणारी पोरं माझ्याकडं समुपदेशनाला अधूनमधून येतातच, पण ह्यानं जरा जास्तच मनाला लावून घेतलेलं. (नाव सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून दोनचार गोष्टी बदलल्यात.) इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाजवळ पाच जणांचं टोळकं बसायचं, कोणीतरी मोबाईलमधून कोडं काढायचं, खरं-खोटं बोलणारे दोन पहारेकरी नाहीतर वाघ-शेळी-गवत असलं काहीतरी, आणि दोघं पटकन उत्तर देऊन मोकळे, हा अजून "थांब की बे, परत वाच" म्हणतोय. त्यातून नाव पडलं ट्यूबलाईट. आता तीन आठवडे तिकडं फिरकलाच नव्हता, आणि प्लेसमेंटची ॲप्टिट्यूड टेस्ट आपल्याला जमणारच नाही हेही ठरवून बसलेला.

मी समजावत बसले नाही, कागद पुढं सरकवला. चादर आणि नॅपकिन मिळून 220 रुपये, चादर नॅपकिनपेक्षा 200 रुपयांनी महाग, तर नॅपकिन केवढ्याला? (मूळ कोडं बॅट-बॉलचं, शेन फ्रेडरिक नावाच्या संशोधकानं 2005 मध्ये एका छोट्या चाचणीत वापरलेलं, पण सोलापुरात चादरच बरी.) त्यानं लगेच 20 लिहिलं. मी गप्प. पेन तसंच टेकवून बसला, मग पुटपुटला, "नॅपकिन 20 तर चादर 220, मिळून 240 होतंय की... नाय." 20 वर काट मारली, खाली 10 लिहिलं. चारेक मिनिटं गेली असतील.

म्हटलं ही काट बघ आधी. हे कोडं बनवलंयच असं की पहिलं उत्तर आपसूक येतं आणि नेमकं चुकतं, माणूस ते तपासतो का नाही एवढंच बघायचं असतं, नामांकित विद्यापीठातली पोरंही पहिल्यालाच फसलीत. आणि तुझे ते दोघं, त्यांनी कोडं आधी वाचलेलं नसेल कशावरून? ह्यावर पहिल्यांदा हसला, एकाच्या मोबाईलात तेच ॲप आहे म्हणे.

पण उगीच गोड बोलून सोडलं नाही हां. घड्याळ लावून दिलेली परीक्षा वेगळी, तिथं स्पीड लागतोच आणि तो सरावानं बराच वाढतो. आणि चारचौघं तोंडाकडं बघत असले की अर्धं डोकं "आता हसतील" ह्यातच अडकतं, कोड्याला उरतं अर्धं.

घरी करायला एक खेळ दिला. तीन वाट्या पालथ्या, एकीखाली शेंगदाणा, तू एक निवड, मग आईनं उरलेल्या दोनपैकी एक रिकामी उचलून दाखवायची, आता वाटी बदलायची की नाही? बदलली तर तीनात दोनदा जिंकतोस, न बदलता एकदाच. हेच कोडं 1990 मध्ये अमेरिकेत एका सदरात आलं तेव्हा उत्तर मान्य नाही म्हणून वाचकांची सुमारे 10 हजार पत्रं आली, पीएचडीवाले सुद्धा चिडले होते, आणि पॉल एर्डोशसारखा गणिती कॉम्प्युटरवर करून दाखवेपर्यंत ऐकायला तयार नव्हता. पोरानं 30 वेळा वाटी बदलून पाहिली, 19 वेळा शेंगदाणा मिळाला. आईनं मधेच चार खाल्ले ते वेगळं.

मग मित्रांना त्यानंच नियम घातला, ज्याला कोडं आधीच माहितीय त्यानं तसं सांगायचं, आणि पाच मिनिटं कुणी उत्तर फोडायचं नाही.

शेवटच्या भेटीला आला तो मलाच कोडं घेऊन. रात्र, पूल, एकच टॉर्च, एका वेळी दोघंच जाणार, चौघांना पूल ओलांडायला 1, 2, 5 आणि 10 मिनिटं, जोडी हळू चालणाऱ्याच्या चालीनं, कमीत कमी किती वेळ? मी ठसक्यात सांगितलं 19, सगळ्यात चपळ असेल तो प्रत्येकाला सोडून येईल. "अजून कमी होतंय मॅडम," म्हणाला आणि चप्पल घालून जिना उतरला, उत्तर काही सांगितलं नाही.

17 निघालं रात्री भाकरी थापताना. आधी 1 आणि 2 पलीकडं, 1 परत, मग 5 आणि 10 दोघं एकदमच जायचे, 2 टॉर्च घेऊन परत, शेवटी पुन्हा 1 आणि 2. तव्यावरची भाकरी तोवर करपली होती.