बुचाची मूठ आणि जोडावरचे उंचवटे

प्रश्न : घरीच फिशिंग रॉड बनवतोय. बुचाच्या १२ रिंगा इपॉक्सीने चिकटवल्या, ड्रिलवर फिरवून पॉलिश पेपर मारला, पण प्रत्येक जोडावर बारीक कंगोरा राहतोय, मधेमधे खड्डेही दिसतात. आणि आमच्या दारातल्या बुचाच्या झाडाची साल चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पेपरचा दोष नाही हो, गोंद जास्त झालाय. इपॉक्सी सुकला की कडक होतो आणि बूच मऊच राहतं, त्यात आपण पेपर बोटांनी दाबतो, मग बोट बुचात रुततं, बूच झिजतं आणि गोंदाची रेघ तशीच वर राहते. पेपरमागे लाकडी पट्टी धरा, ८० नंबरचा नवा कोरा तुकडा घ्या (जुना पेपर गोंद कापतच नाही, नुसता घासतो) आणि हलक्या हाताने चालवा. मग १२०, २२०, शेवटी ४००. मापाला १ मिमी जास्त ठेवूनच १२० वर या, नाहीतर बारीक पेपर येईपर्यंत मूठ पेन्सिलीएवढी होते, माझी पहिली झालेली!

पुढच्या वेळी गोंदाचा अगदी पातळ थर द्या, रिंगा ओवून आवळायच्या आटेवाल्या सळीला आधी मेणबत्ती घासा म्हणजे रिंगा सळीला चिकटणार नाहीत, नट बेताने आवळा आणि २४ तास हात लावू नका. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी नकोच, १२ रिंगा लावून होईतोवर तो डब्यातच दगड होतो.

खड्डे म्हणजे सालीतून झाड श्वास घेतं ती छिद्रं. स्वस्त रिंगेत जास्त असतात. घासताना पडलेला भुसा लाकडाच्या गोंदात कालवून भरा, सुकल्यावर शेवटचा हात मारा. जागा थोडी काळपट दिसेल, चालतं. भुसा नाकात जातो, मास्क लावा.

मुठीच्या भोकाचं तुम्ही विचारलं नाही, पण तिथेच पुढे अडाल. ब्लँक (रॉडची मूळ काठी) बुडाकडे जाड, टोकाकडे बारीक, म्हणून भोकही तसंच निमुळतं हवं. गोल कानशीने थोडं घासा, मूठ टोकाकडून सरकवून बघा, परत काढा, परत घासा. एकदम मोठं केलंत की मूठ डुगडुगते, मग मास्किंग टेप गुंडाळत बसावं लागतं.

दारातलं झाड म्हणजे आकाशनिंब. त्याच्या सालीचं हलकं बूच पूर्वी करायचे, पण मुठीला नाही जमणार. रिंगांचं बूच पोर्तुगाल-स्पेनकडच्या ओकचं, तिथेही साल साधारण ९ वर्षांनी एकदाच काढतात.