पहिल्या कार्बाइन कोर्सला जाताना

कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, चालवायच्या कोर्सला नाव नोंदवलंस, छान केलंस! टेक्सासच्या उन्हात दोन दिवस काढायचेत, म्हणून मोजकंच सांगतो.

- रायफल आधीच झीरो करून ने, 50 यार्डांवर; म्हणजे नेम धरशील तिथेच गोळी लागेल अशी साइट (नेम धरायचं साधन) जुळवून. कोर्सच्या सकाळी त्यातच अडकलेले दोघेतिघे असतातच.
- नवंकोरं सामान लावून जाऊ नकोस. स्लिंग (रायफलचा पट्टा), चार-पाच मॅगझिन्स, इअरमफ, भरपूर पाणी.
- अगदी जवळच्या टार्गेटवर गोळी खाली लागेल. एआर-15 रायफलची साइट नळीच्या सुमारे अडीच इंच वर असते, तेवढं वर धर.

आणि गळाबंद शर्ट घाल. गोळी सुटल्यावर बाहेर उडणारी तापलेली पुंगळी कॉलरमध्ये शिरली की माणूस गर्रकन वळतो, नळीही त्याच्याबरोबर. चटका सोस. बोट ट्रिगरवरून काढ, सेफ्टी लाव, नळी समोरच ठेव, मग कॉलर झटक. वेगाचं पुढच्या कोर्सला बघू.