मावशी, एक विचारू का? : उन्हाळ्यातली पत्रं

वैशाखात तुमची पत्रं मी ओसरीत, माठाशेजारी बसून वाचते. आमच्या आर्वीकडे सकाळी दहानंतर अंगणात अनवाणी पाय टेकवत नाही. म्हणून पहाटे घरामागची सांदवाडी (परसातली भाजीबाग) आणि दुपारी पत्रं, असा दिवस बांधून घेतला आहे. या वेळी चार पत्रं निवडली. पहिल्याला आणि शेवटच्याला उत्तर देताना जरा जास्त लिहिलं गेलं, कारण ती दोन्ही माझ्याच घरातून आल्यासारखी वाटली.

प्रश्न : मुलगी दोन नातवंडांना घेऊन पुण्याहून आली आहे. नातू दहा वर्षांचा, नात सातची. आमच्याकडे एसी नाही, एक कूलर आहे. पोरं दिवसभर मोबाइलमध्ये असतात. "आजी, इथे करायला काहीच नाही," म्हणतात आणि चौथ्याच दिवशी परत जायचं म्हणू लागली आहेत. मला फार ओशाळल्यासारखं होतं. काय करू?
— एक आजी, दिग्रस

ताई, आधी ते ओशाळणं सोडा. मीही याच वाटेने गेले आहे. माझा नातू आठ वर्षांचा असताना तो येणार म्हणून मी हप्त्यावर दुसरा कूलर घेतला, थंड पेयांच्या बाटल्या आणून ठेवल्या, त्याला आवडतात म्हणून नूडल्सची पाकिटं आणली. तो कूलरपुढे आडवा झाला तो झालाच. पाहुण्यासारखं ठेवलं, म्हणून पाहुण्यासारखा कंटाळला.

मग एका रात्री अवकाळी वादळ आलं. खांब पडले आणि तीन दिवस गावात लाइट नव्हती. पहिल्या रात्री तो रडला. आम्ही अंगणात सडा टाकला, बाजा बाहेर काढल्या, त्याच्या अंगावर ओली चादर टाकली. यांनी त्याला उत्तरेचे सप्तर्षी दाखवले आणि जरा उशिराने आग्नेयेकडून वर येणारा विंचू दाखवला, आकड्यासकट. "आबा, हा खरंच विंचवासारखा दिसतो!" म्हणून तो बाजेवर उठून बसला. त्या रात्री त्याने मोबाइल मागितलाच नाही. तशीही बॅटरी संपलीच होती.

सकाळी पाच वाजता कोकिळेने त्याला उठवलं. वादळाने आमच्या शेप्या आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला होता. (शेपूसारखा वास येतो म्हणून तो शेप्या. बांधावरचे दुसरे दोन खोबऱ्या आणि शेंदऱ्या.) दोघांनी मिळून दोन टोपल्या वेचल्या. चार कैऱ्या चुलीच्या निखाऱ्यात भाजल्या, गर काढून गुळाचं पन्हं केलं. बाकीच्यांच्या फोडी करून रायतं, म्हणजे गुळाचं लोणचं घातलं. गूळ त्याने कुटला. ते रायतं तो बरणी भरून पुण्याला घेऊन गेला आणि डब्यात काय आहे म्हणून मित्रांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी केलंय."

त्याच तीन दिवसांत मी ढेमशाच्या एका वेलाला तुराटी रोवली आणि सांगितलं, "बापू, हा वेल तुझा. पाणी तूच घालजो." पुण्यात ताटात ढेमसं आलं की तो तोंड फिरवायचा. आठव्या दिवशी पहिलं ढेमसं त्याने स्वतः तोडलं, ते भरून केलं, आणि अर्ध्या भाकरीबरोबर चाटूनपुसून संपवलं.

तेव्हा ताई, त्यांची करमणूक करायला जाऊ नका. त्यांच्या नावाचं काम द्या. नात सातची आहे ना, चिमण्यांच्या परळात पाणी भरणं तिच्याकडे. एक परळ सावलीत, रोज सकाळी घासून धुवायचं. नातवाकडे माठ. रात्री तो भरायचा, तोंडाला धुतलेलं फडकं बांधायचं. दुपारी अकरा ते चार बाहेर नाहीच. तेव्हा शेवया, सरगुंडे काढा. पोरांना पीठ काडीवर गुंडाळायला फार आवडतं, वाकडं झालं तरी उकळलं की आमरसात सारखंच लागतं. मोबाइल हिसकू नका, फक्त दुपारच्या या वेळेत तासभर ठरवून द्या. आणि कामाचे पैसे मात्र देऊ नका, मग ते काम त्यांचं राहत नाही.

उन्हाबद्दल एक सांगते, कारण शहरातल्या पोरांना आपल्याकडचं ४५-४६ अंशांचं ऊन माहीत नसतं. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. त्यावर विसंबू नका. कांदा खायला द्या, डोक्याला शेला बांधा, आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी पाजा. सकाळी ज्वारीची आंबील उत्तम : रात्री पीठ ताकात भिजवायचं, सकाळी शिजवून, गार करून मीठ-जिरं घालायचं. पोर गळाल्यासारखं वाटलं तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा, चहाच्या चमच्याने मोजून. पण अंग तापलेलं आहे आणि पोर बरळतंय किंवा हाकेला ओ देत नाही, असं दिसलं तर घरगुती काही करत बसू नका. अंग ओलं करत, वारा घालत थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : माझ्या कुरडया वाळल्यावर तुटतात आणि तळल्यावर लालसर होतात. काय चुकतं?
— दारव्ह्याहून एक बहीण

लालसर होतात म्हणजे गहू भिजताना पाणी रोज बदललं नाही, किंवा चीक निवळल्यावर वरचं पिवळं पाणी पूर्ण ओतून टाकलं नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. तुटतात म्हणजे चीक कच्चा राहिला. जितक्या वाट्या घट्ट चीक तितक्याच वाट्या पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि चिमूट हिंग, मग एका हाताने चीक ओतत दुसऱ्या हाताने सतत हलवायचं. पारदर्शक दिसू लागला की झाकण ठेवून वाफ काढायची. ओलं बोट लावून पाहा, चिकटलं नाही की झाला. सोऱ्यातून गरम असतानाच पाडायच्या, गार चिकाची कुरडई तुटणारच. मिठाचं माप विचाराल तर मी चार वाट्या चिकाला दोन सपाट चमचे घालते. सासूबाई मुठीने घालायच्या, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

आणि थोडा चीक पातेल्यात ठेवा. वरून कच्चं तेल आणि तिखट. गल्लीतली पोरं वाटी घेऊन येतातच.

प्रश्न : आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. परसातल्या भाज्या जळत चालल्या आहेत. भेद्र्याला (टोमॅटोला) फुलं लागतात आणि गळून पडतात. बाग सोडून द्यावी का?
— एक शिक्षक, चिमूर

सर, सोडू नका. पण भेद्र्याचा हट्ट या दिवसांत सोडा. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की त्याचं परागण नीट होत नाही आणि फूल गळतं, त्याला कितीही पाणी घातलं तरी उपयोग नाही. झाड जगवा, फळाची वाट पाहू नका. सांबार, म्हणजे कोथिंबीरही आता उभ्या उन्हात येणार नाही. मांडवाच्या सावलीत कुंडीत थोडा लावून पाहा.

उभ्या असलेल्या ढेमसं, गवार, भेंडी, दोडकं यांच्यासाठी माठ पुरा. कुंभाराकडून साधे, रंग न दिलेले आठ-दहा लिटरचे माठ आणा. घेताना एक रात्र भरून ठेवा. बाहेरून अंग ओलसर झालं तरच उपयोगाचा. दोन वेलांच्या मधे मानेपर्यंत पुरायचा, भोवतीच्या मातीत शेणखत मिसळायचं, भरून वर झाकणी ठेवायची, नाहीतर डास होतात. माती कोरडी झाली की माठातून पाणी आपोआप पाझरतं, ओली असली की थांबतं. मुळं त्या ओलाव्याकडे स्वतः येतात. माझ्याकडे असे सहा आहेत, दर तिसऱ्या दिवशी भरते. तुमच्याकडे चौथा दिवस आहे, तर एखादा माठ जास्त पुरा किंवा थोडे मोठे घ्या. पूर्ण रिकामे होऊ देऊ नका. दोन वर्षांनी पाझर मंदावला तर काढून विटेच्या तुकड्याने बाहेरून घासा.

तुमच्याकडची माती काळी असेल तर तिला भेगा पडल्या असतील. त्या भेगांतूनच ओल उडून जाते. खुरपं घेऊन वरची दोन बोटं माती भुसभुशीत करा आणि तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) वीतभर जाड पसरा. मी पहिल्या वर्षी कुटार बुंध्याला चिकटवून टाकलं, त्यात वाळवी शिरली आणि दोन वांगी गेली. बुंध्यापासून चार बोटं सोडून टाका. पश्चिमेच्या बाजूला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड उभा करा, दुपारनंतरचं ऊन तोच अडवतो. भाज्या धुतलेलं पाणी गोडनिंबाला (कढीपत्त्याला), न्हाणीचं पाणी केळीला आणि धोप्याला (अळूला). नवीन काही पेरू नका. ७-८ जूनला मृग लागेल, एक बरा पाऊस पडू द्या आणि मग पेरा.

प्रश्न : लग्न होऊन बारा वर्षं झाली. मला भाकरी थापण्यापासून सांदवाडीतली रोपं लावण्यापर्यंत सगळं सासूबाईंनी शिकवलं. आता त्यांचे हात थरथरतात, त्यांना काही करता येत नाही, म्हणून दिवसभर गप्प बसून असतात. मला त्यांचे उपकार बोलून दाखवायचे आहेत, पण आमच्यात असं बोलायची रीतच नाही. तोंड उघडत नाही. काय करू?
— एक सून, दर्यापूर

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठून सांदवाडीत जाऊन आले.

मी १९८१ साली वर्ध्याहून या गावात आले. मला पाट्यावर जवसाची चटणीसुद्धा वाटता येत नव्हती. सासूबाई फार बोलत नसत. कौतुक नाही, रागावणंही नाही. त्यांची एक गोष्ट मात्र पक्की होती. शेजारून कुणी वाटीत काही पाठवलं की ती वाटी त्या रिकामी परत जाऊ देत नसत. घरात काही नसलं तर चार लिंबं, तेही नसलं तर मूठभर तुरीची डाळ, अगदीच काही नाही तर गोडनिंबाची एक डहाळी. "खाली भांडं पाठवू नये व माय," एवढंच म्हणायच्या. मला ते तेव्हा नुसतं शिष्टाचाराचं वाटायचं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. एसटीने, पिशवीत पितळी डबा घेऊन त्या आल्या. डबाभर डिंकाचे लाडू. डिंक निवडून, तळून, खोबरं किसून, सगळं त्यांनी एकट्याने केलेलं. दुपारच्या गाडीने परतही गेल्या. तो डबा माझ्या माहेरी तसाच राहिला. दोन वर्षांनी मी तो घेऊन आले आणि त्यांच्या हातात दिला. रिकामा. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, पुसला आणि फळीवर ठेवून दिला. काही बोलल्या नाहीत. मलाही तेव्हा काही कळलं नाही. त्या गेल्या त्यानंतर एका अक्षय तृतीयेला त्यांच्या नावाची घागर भरताना कळलं. आमरस, कुरडई, चिंचवणी, सगळं त्यांच्या आवडीचं पानात होतं, आणि घ्यायला त्या नव्हत्या.

म्हणून तू बोलण्याचं जाऊ दे. तुझ्या सासूबाईंची वाटी अजून तुझ्या हातात आहे, ती भर. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत त्यांची खुर्ची सांदवाडीत ने. कुठलं रोप लावायचं, कुठलं उपटायचं, हे त्यांना ठरवू दे. हात तुझे, सांगणं त्यांचं. कुरडया घालशील तेव्हा बाज सावलीला टाकून त्यांना राखणीला बसव, हातात काठी दे. कावळे हाकलायला थरथरता हात पुरतो, आणि वाळवणाची राखण हे घरातलं मानाचं काम आहे, त्यांना ते ठाऊक असेल. रस काढलास की पहिली वाटी त्यांना, पोरांच्या आधी. पोरांनाही कळेल.

आणि एक वही घे. प्रत्येक पदार्थ करताना त्यांना माप विचार. त्या "अंदाजानं" म्हणतील, तेवढ्यावर थांबू नकोस. त्यांची मूठ भरून घे, ती मूठ वाटीत ओत, चमच्याने मोज, लिहून ठेव. त्या सांगतील त्याच शब्दांत लिही, "जराशीक", "बोटभर", सगळं. समोर कुणीतरी आपलं बोलणं लिहून घेतंय हे पाहून माणूस ताठ बसतं. मी माझ्या आईजवळ तिच्या शेवटच्या वर्षी हे केलं, तेव्हा पाहिलं आहे.

सासूबाईंजवळ करायचं राहून गेलं. त्यांच्या कुरडईत मीठ किती पडायचं, हे मला आजही चमच्याने जमत नाही. डबा फळीवर आहे, मूठ नाही. तुझ्या सासूबाईंची मूठ मोजलीस की मला कळव, चार वाट्या चिकाला किती पडतं ते. यंदाच्या कुरडया मी अजून घातलेल्या नाहीत.