खारी हवा आणि धरून बसलेले नट

प्रश्न : मी मांद्र्याला समुद्राजवळ राहतो. माझ्या बारा वर्षांच्या पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या, इंजिनाला नटांनी आवळलेल्या नळ्यांचे) पॅकिंग गेले असून सकाळी इंजिन सुरू करताच टकटक आवाज येतो. पॅकिंग घरीच बदलायला घेतले. दोन नट सुटले, पण तिसऱ्याचे कोन झिजू लागले तसा मी हात आवरला. आता काय करावे?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : हात आवरलात हे उत्तम केलेत. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यात इंजिन रोज तापते आणि निवते, वर आपल्या किनाऱ्याची खारी हवा, त्यामुळे आट्यांमधली फट गंजाने भरून नट जागीच धरला जातो. अशा वेळी पान्याला पाइप जोडून जोर लावला, तर नट सुटण्याऐवजी ज्यावर तो बसतो तो आट्यांचा आठ मिलिमीटरचा दांडा, म्हणजे स्टडच तुटतो.

इंजिन पूर्ण थंड असताना स्टडचा उघडा भाग तारेच्या ब्रशने घासावा, त्यावर पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात शिरणारे पातळ तेल) मारावे आणि हेच दोन दिवस सकाळ-संध्याकाळ करावे. इंजिन ऑइल जाड असल्याने आट्यांत शिरत नाही. मग बारा नव्हे, सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्यावी आणि झिजलेल्या नटावर एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवावी. नट आधी किंचित आवळावा, मग थोडा सोडावा, पुन्हा आवळावा, आणि मधूनमधून तेल द्यावे. कर्र असा आवाज करून नट हलला तर काम मार्गी लागले. पाना मात्र आवाज न करता रबरासारखा मऊ वळू लागला, तर स्टड पिळला जातो आहे असे समजून तत्क्षणी थांबावे.

तरीही नट हलला नाही, तर तेल पुसून, बॅटरी सोडवून आणि पेट्रोलची नळी बाजूला घेऊन गॅसच्या ज्योतीने फक्त नट तापवावा. इंजिनचे हेड (स्टड ज्यात बसतात तो वरचा भाग) ॲल्युमिनियमचे असेल तर अधिक सावध राहावे, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल न होता 660 अंश सेल्सिअसला एकदम वितळते. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ज्योत नेऊच नये. त्याच्या काही प्रकारांपासून विषारी वायू तयार होतो.

स्टड तुटलाच, तर उरलेल्या टोकावर नवा नट वेल्ड करून फिरवणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण वेल्डिंगची उष्णताच गंजाची पकड सोडवते. ‘ईझी-आउट’च्या (तुटलेला स्टड भोक पाडून आतून पकडून काढायच्या हत्याराच्या) वाटेला घरी जाऊ नये, ते कडक पोलाद आत तुटले की साधे ड्रिल त्यावर चालत नाही, आणि मग हेड उतरवून म्हापशाला लेथवाल्याकडे न्यावे लागते.

जोडणी करताना स्टड आणि नट नवेच घालावेत, आट्यांना तांब्याचे अँटी-सीझ (आटे पुन्हा धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावावे आणि नट मधून कडेकडे टप्प्याटप्प्याने आवळावेत. गाडीच्या पुस्तिकेतला टॉर्कचा (नट आवळण्याच्या जोराचा) आकडा कोरड्या आट्यांचा असेल, तर टॉर्क थोडा कमीच ठेवावा, कारण वंगण लावलेला नट तेवढ्याच जोरात अधिक ताणला जातो.