टोरोंटोत पहिलं घर कुणाबरोबर घ्यावं

तू विचारलंस की टोरोंटो विद्यापीठात मास्टर्सला येतेयस, सांगलीबाहेर कधी राहिलेली नाहीस, तर एकटी पडू नये म्हणून आधीच मराठी मुलींबरोबर घर पक्कं करावं का. माझं ऐकशील तर पहिल्या वर्षी नको. २०१६ मध्ये मी तेच केलं होतं. आम्ही चौघी मराठी, रोज वरण-भात, घरी गप्पांना तोटा नाही. पण डिसेंबर उजाडला तरी वर्गातल्या एकाही मुलीशी माझी धड ओळख नव्हती. या शहरात असं सहज होतं. २०२१ च्या जनगणनेत टोरोंटोतले ४६.६ टक्के लोक दुसऱ्या देशांतून येऊन स्थायिक झालेले होते. प्रत्येकाचं वाणसामान, देऊळ, मंडळ इथे आहे, त्यामुळे आपल्या माणसांपलीकडे जायची वेळच येत नाही.

दुसऱ्या वर्षी केन्सिंग्टन मार्केटजवळ एका इराणी आणि एका नायजेरियन मुलीबरोबर राहिले. एकदा मी फोनवर आईला सांगत होते, ‘फीचा हप्ता भरायचाय.’ इराणी मैत्रीण लसूण सोलता सोलता थांबली. फारसीत ‘हफ्ते’ म्हणजे आठवडा. मग ‘कागद’ निघाला, ‘जमीन’ निघाली, आणि ती यादी फ्रिजवर चिकटवून आम्ही महिनोन्‌महिने वाढवत राहिलो. २०१८ मध्ये पाडवा १८ मार्चला होता आणि इराण्यांचं नवं वर्ष, नौरोज, २० ला. तिने मांडलेल्या सात वस्तूंमध्ये गव्हाचे हिरवे कोंब होते, अगदी आपल्या घटात उगवतात तसे. ते पाहून मला रडू आलं. आईची आठवण एवढी तर मराठी घरातही आली नव्हती.

घर शोधताना एक नीट लक्षात ठेव. ऑन्टॅरिओच्या कायद्याने घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडं मागू शकतो, तोडफोडीसाठी वेगळी अनामत नाही. माझ्याकडे एकाने सहा महिन्यांचं मागितलं आणि नवखी म्हणून मी घाबरून दिलं. तू देऊ नकोस. आणि कुणी ओळखीच्याने घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगलीहून एक रुपयाही पाठवू नकोस.

वर्गाचं सांगते, कारण तिथे आपण खरे अडखळतो. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे आदर. इथे ट्युटोरियलमध्ये, म्हणजे छोट्या गटातल्या चर्चेच्या तासाला, गप्प बसलीस तर वाचून आली नाहीस असं समजतात, आणि बोलण्याला बऱ्याच विषयांत गुण असतात. मी पहिले दोन महिने मनात वाक्य जुळवत बसायचे. ते जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. मग ठरवलं, पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचाच, इंग्रजी कसंही येवो. आजूबाजूला पाहिलं तर निम्म्या मुलांची इंग्रजी दुसरी नाहीतर तिसरी भाषा होती, आणि कुणी हसलं नाही. प्राध्यापकांच्या ‘ऑफिस अवर्स’ना जरूर जा. ती वेळ त्यांनी तुझ्यासाठीच राखलेली असते, त्यांना त्रास होत नाही. निबंध लिहिताना अडलीस तर विद्यापीठाच्या लेखन केंद्रात मोफत मदत मिळते.

कामाचं थोडक्यात: सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. ते ओलांडू नकोस, व्हिसाचा प्रश्न आहे.

घरची फारच आठवण आली तर कॉलेज स्ट्रीटवरून ५०६ नंबरची ट्राम पकड. ती थेट जेरार्ड स्ट्रीटच्या इंडिया बझारला नेते. मराठी माणसं भेटतीलच, मराठी भाषिक मंडळही आहे, त्यांच्याकडे सणावाराला नक्की जा. मात्र रात्री घरी परतशील तेव्हा स्वयंपाकघरात दुसरीच भाषा बोलणारं कुणीतरी असू दे. आणि कुकर तिकडूनच आण, तीन लिटरचा पुरतो.